मंदीत नोकरीसाठी पुण्याला जाताना: ऑफर लेटर, लॉक-इन आणि पहिले तीन महिने

लातूर, नांदेड, अकोला, सोलापूर, जळगाव. या गावांतून पुण्याला नोकरीसाठी येणं ही नवी गोष्ट नाही. पहाटे वाकड किंवा हडपसरला ट्रॅव्हल्समधून उतरायचं, मित्राच्या रूमवर बॅग टाकायची आणि दहा वाजता ऑफिस गाठायचं, असं करत अनेकांचा या शहरातला पहिला दिवस गेला आहे. भरती जोरात असते तेव्हा हे चालून जातं. एक नोकरी गेली तर महिनाभरात दुसरी मिळते.

पण बाजार थंड असतो तेव्हा हिशोब बदलतो. २०२२-२३ मध्ये आयटी क्षेत्रात अनेक फ्रेशर्सच्या हातात ऑफर लेटर होतं, पण जॉइनिंगची तारीख महिनोन्‌महिने पुढे ढकलली जात होती. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी गावाकडची किंवा जिल्ह्याच्या ठिकाणची चालू नोकरी सोडून पुण्याला जाणाऱ्याला खरा धोका पगार कमी पडण्याचा नसतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नोकरी गेली आणि घराचा करार मात्र गळ्यात राहिला, हा असतो.

नवा माणूस सगळ्यात आधी का जातो?

कामगार कपातीबाबत भारतात जुना नियम आहे: शेवटी आलेला आधी बाहेर. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये तो होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. मालकाला वेगळं करायचं असेल तर कारण नोंदवावं लागतं. कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो, पण त्यासाठी किमान एक वर्षाची सलग सेवा लागते. शिवाय हे संरक्षण कायद्याच्या भाषेत जो ‘कामगार’ ठरतो त्यालाच. व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला ते लागू नाही.

म्हणजे जुन्या ठिकाणी चार वर्षं काढलेला माणूस २५ टक्के वाढीसाठी पुण्याला आला की त्याची ज्येष्ठता शून्यावर येते. वर प्रोबेशन. त्या काळात नोटीस पीरियड अनेकदा १५ दिवस ते एक महिनाच असतो. वाढीचा आकडा बघताना ही बाजू सहसा कोणी मोजत नाही.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. कायम कर्मचाऱ्याला ती पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरले असतील तर राजीनाम्याची तारीख पुढे ढकलता येते का, हे नव्या कंपनीला विचारण्यात काहीच वावगं नाही.

पॅकेज सहा लाख, हातात किती?

समजा सीटीसी ६ लाख आहे. महिन्याला ५० हजार असं धरून घर शोधलं जातं आणि तिथेच चूक होते. यात ६० हजार व्हेरिएबल पे असेल, कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० असेल आणि महिन्याचं मूळ वेतन २५ हजार धरून ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण १४,४०० असेल, तर दरमहा एकूण पगार ४२ हजारांच्या आसपास येतो. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की बँकेत ४० हजार जमा होतात. मंदीत सर्वात आधी कात्री लागते ती व्हेरिएबलला, त्यामुळे ते ६० हजार मिळालेच तर बोनस समजावेत.

दुसरी बारीक गोष्ट पगाराच्या कट-ऑफची. काही कंपन्यांत २० तारखेनंतर रुजू झालेल्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पगारात येतो. पहिला पैसा हातात यायला चाळीस दिवस लागू शकतात.

भाडेकरार: ११ महिने आणि त्यातलं लॉक-इन

महाराष्ट्रात राहतं घर भाड्याने देताना बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स करार होतो, तोही ११ महिन्यांचा. ११ महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही असा समज सगळीकडे आहे. इतर अनेक राज्यांत तो बऱ्यापैकी खरा आहे, महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरी केलेल्या शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर भागवणाऱ्या मालकांना हे सहसा माहीत नसतं.

खर्चही फार नाही. १६ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांचं भाडं १,७६,००० आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळून रक्कम साधारण १,८०,६०० होते. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ४५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी एजंटची मजुरी. अंगठ्याचं मशीन घेऊन तो घरी येतो. पैसे मालक-भाडेकरू बहुधा निम्मे-निम्मे भरतात.

आता मुख्य मुद्दा. या कराराच्या छापील नमुन्यात लॉक-इनचं एक कलम असतं, कधी सहा महिन्यांचं, कधी पूर्ण अकरा. त्याआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरावं लागेल, असं त्यात लिहिलेलं असतं. नोकरी पक्की असताना हे कलम कोणी वाचत नाही. सही करताना एजंट पानं भराभर उलटतो आणि अंगठा लावायला सांगतो. मग तिसऱ्या महिन्यात नोकरी जाते आणि मालक म्हणतो, तीन महिने बाकी आहेत, डिपॉझिट त्यात गेलं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते, त्यामुळे मालकाला लगेच दुसरा भाडेकरू मिळाला असेल तर याविरुद्ध भांडता येतं. पण ४८ हजारांसाठी कोर्टात कोण जातो?

म्हणून हे करारापूर्वीच बोलून घ्यावं लागतं. मंदीत घरंही लवकर जात नाहीत, त्यामुळे घासाघीस करायला जागा असते. सर्वात सोपी मागणी अशी: लॉक-इन मालकावर राहू द्या, भाडेकरूवर नको, आणि भाडेकरूला एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता यावं. मालक तयार नसेल तर लॉक-इन तीन महिन्यांवर आणावं किंवा ‘नोकरी गेल्यास लेखी पुरावा दाखवून एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येईल’ असं एक वाक्य घालून घ्यावं. तोंडी ‘बघू ना, आपलेच आहात’ याला काही अर्थ नाही. मुदत संपल्यावर करार न वाढवता राहणंही महागात पडतं. कलम २४ नुसार मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो.

याहून सोपा मार्ग पुण्याने आधीच काढून ठेवला आहे: कॉट बेसिस. सदाशिव पेठ, कर्वेनगर, वाकड, हिंजवडी, खराडी इथे खाटेपुरती जागा महिन्याच्या भाड्याने मिळते आणि डिपॉझिट बहुधा एखाद्या महिन्याचंच असतं. वर दिलेल्या फ्लॅटमध्ये शिरायला पहिलं भाडं, डिपॉझिट, एक महिन्याची दलाली आणि करार मिळून ८४ हजारांच्या घरात जातात, गादी आणि शेगडी वेगळीच. खाट ७ हजारांची असेल तर १४ हजारांत भागतं. तिशी ओलांडलेल्या, घरी बायको-मुलं असलेल्या माणसाला कॉलेजच्या पोरांबरोबर राहणं जिवावर येतं, हे खरं. पण प्रोबेशनचे तीन-सहा महिने तसे काढले तर हातात राहणारे ७० हजार हेच नोकरी गेल्यावर दोन महिन्यांचं जेवण असतं. ऑफिस हिंजवडीत आणि खाट खराडीत असं मात्र करू नये. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोजचा प्रवास माणूस खाऊन टाकतो.

राजीनामा देण्याआधी

ऑफर लेटरवर जागा, पगाराची फोड, प्रोबेशनची मुदत आणि दोन्ही बाजूंचा नोटीस पीरियड स्पष्ट हवा. नव्या संहितांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. नोकरीसाठी कोणी ट्रेनिंग, लॅपटॉप किंवा व्हेरिफिकेशनच्या नावाने आधी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं. मंदीत हे प्रकार वाढतात.

बाँड असेल तर तो निव्वळ कागद आहे असं समजू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षं सेवा, नाहीतर दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. सरकारी बँकेची भरती प्रक्रिया खर्चिक असते, हा मुद्दा त्यात होता. त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीचा बाँड तसाच टिकेल असं नाही, पण सही करताना रक्कम वाचावी.

जुन्या कंपनीचा हिशोब वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवा. पूर्वीची ४५ दिवसांची सवय अनेक एचआर विभागांची अजून गेलेली नाही, तेव्हा ते पैसे डिपॉझिटसाठी धरून चालू नये. पीएफ काढू नये, त्याच यूएएनवर ट्रान्सफर करावा. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. आई-वडील त्या विम्यात असतील तर मधल्या दिवसांसाठी वेगळी पॉलिसी आधीच घेतलेली बरी.

कुटुंब कधी आणायचं?

घाईने ट्रक भरण्यापेक्षा कन्फर्मेशनचं पत्र आणि जूनमधली शाळा यांचा मेळ घालणारे बरेच असतात. मधेच यावं लागलं तरी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. रेशनचं धान्य ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे पुण्याच्या दुकानातूनही घेता येतं, कार्ड गावचंच ठेवून. त्याच कार्डावरचा पुण्यातल्या माणसाचा वाटा इकडे आणि गावी राहिलेल्यांचा तिकडे, असंही चालतं.