होडीतल्या बॅटरीचा इतिहास

लहान होडीत वीज आली ती दिव्यांसाठी नव्हे, तर होडी चालवण्यासाठी. १८३८ मध्ये मोरित्झ याकोबी या शास्त्रज्ञाने झार पहिला निकोलस याच्या मदतीने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर डझनभर माणसांची होडी विजेच्या मोटरवर चालवून दाखवली. पुढच्या वर्षी त्याने अधिक जोरकस असे ग्रोव्हचे विद्युतघट वापरले. मात्र या घटांतले जस्त विरघळून संपे आणि नायट्रिक आम्लाची विषारी वाफ सुटे. जस्त संपले की घट नव्याने भरावे लागत. इतक्या महागड्या सोयीवर कोणाचाही रोजचा व्यवसाय चालणे शक्य नव्हते.

पुन्हा भरता येणारी शिसे-गंधकाम्लाची बॅटरी गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये बनवली. १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर ऑक्साइडचा लेप देऊन तिची साठवणक्षमता वाढवली. लगेच १८८२ मध्ये लंडनला थेम्स नदीवर ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची २५ फुटी लाँच ४५ घटांवर धावली. दशक संपता संपता थेम्सवर विजेच्या लाँच भाड्याने मिळू लागल्या आणि त्यांच्यासाठी चार्जिंगची ठाणीही उभी राहिली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात अशा पन्नासांवर लाँचनी दहा लाखांहून अधिक लोकांना फिरवले.

बॅटरी सांभाळण्याचे मूळ शास्त्र याच काळात पक्के झाले. बॅटरी वापरली जाते तसे गंधकाम्ल पट्ट्यांत मुरते आणि उरलेले द्रावण पातळ होते. म्हणून हायड्रोमीटरने द्रावणाची घनता मोजली की शिल्लक कळते: भरलेल्या घटात साधारण १.२७, रिकाम्यात १.१२ च्या आसपास. रिकामी बॅटरी तशीच पडू दिली तर पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण होते आणि गेलेली क्षमता परत मिळत नाही. वीज जितक्या वेगाने ओढावी तितकी ती एकूण कमी मिळते, हा नियम पॉइकर्ट याने १८९७ मध्ये मांडला.

पुढे पेट्रोल इंजिनाने विजेची मोटर मागे टाकली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर मोटारगाडीत आला, आणि होड्यांच्या इंजिनांनाही तो बसू लागला. बॅटरीकडे आता दोन परस्परविरोधी कामे आली. स्टार्टरला काही सेकंद प्रचंड प्रवाह लागतो. त्यासाठी पातळ आणि पुष्कळ पट्ट्या हव्यात. दिवे, पंप आणि वायरलेस यांना तासन्‌तास थोडा प्रवाह लागतो, त्यासाठी जाड पट्ट्या हव्यात. नांगर टाकून रात्रभर दिवा जळत ठेवला की सकाळी इंजिन उठत नसे. इंजिनाची बॅटरी आणि इतर कामांची बॅटरी वेगळी ठेवण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. कोकणातल्या डिझेल होड्यांवर आजही इंजिन बंद असताना दिवे आणि जीपीएस बॅटरीवरच चालतात.

१९६० च्या दशकात इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली, पण त्याचा रेग्युलेटर मोटारीच्या गरजेने बेतलेला होता. मोटारीची बॅटरी क्वचितच खोलवर रिकामी होते, होडीची मात्र रोज होते. असा रेग्युलेटर बॅटरी पूर्ण भरण्याआधीच प्रवाह आवरता घेई, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीत सल्फेट साचत जाई. होड्यांतल्या बॅटऱ्या लवकर मरण्यामागे निर्मात्यांपेक्षा या विसंगतीचाच दोष अधिक होता. टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारे रेग्युलेटर आल्यावर ही अडचण सुटली. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली, तर सुमारे १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी. चार्जिंगनंतर लगेच घेतलेला आकडा फसवा असतो.

१९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेटचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे त्या रसायनाच्या बॅटऱ्या होड्यांत आल्या. यांचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते. त्यामुळे व्होल्टमीटरवरून शिल्लक कळत नाही. आत-बाहेर जाणाऱ्या अँपिअर-तासांचा हिशेब ठेवणारे यंत्र लागते. या बॅटऱ्या इतका प्रवाह ओढतात की अल्टरनेटर तापतो, आणि तो फिरत असताना बॅटरीने स्वतःच्या बचावासाठी अचानक संपर्क तोडला तर त्याचे डायोड जळू शकतात. म्हणून जुन्या होडीत लिथियम बॅटरी बसवताना प्रवाहाला मर्यादा घालणारे उपकरण आणि नवा रेग्युलेटरही बसवावा लागतो.