कानकोरण्यापासून इअरबडपर्यंत

पोर्ट्समथला गेलात तर मेरी रोझचं संग्रहालय बघालच. आठव्या हेन्रीचं हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली समुद्रातून वर आलं. तोफा आणि धनुष्यं सगळेच पाहतात. तुम्ही मात्र खलाशांच्या सामानातली कानकोरणी बघा. काडीच्या टोकाला इवलासा चमचा. आपल्याकडे आजोबांच्या चांदीच्या कडीत कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा एकत्र अडकवलेले असत, त्यातलंच एक कुणी इथं विसरून गेलंय असं वाटावं.

कान कोरण्याची ही हौस सगळ्या जगाला आहे आणि ती जुनी आहे. रोमन लोकांची कोरणी ब्रिटनमध्ये जागोजागी सापडतात. जपानमध्ये बांबूचं मिमिकाकी आजही घरोघरी असतं. तिथं त्याचा तोटा थोडा कमी, कारण पूर्व आशियातल्या बहुतेकांच्या कानातला मळ कोरडा, कोंड्यासारखा असतो. युरोप-आफ्रिकेत तो ओला आणि चिकट, आपल्या लोकांत दोन्ही प्रकारचा. हा फरक एकाच जनुकातल्या छोट्या बदलामुळे पडतो, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं.

जुने वैद्य मात्र थेट कोरायला बसत नसत. सुश्रुतसंहितेत कानाच्या रोगांमध्ये ‘कर्णगूथ’ आहे. त्यावर उपाय असा की आधी तेलाने भिजवावं, शेक द्यावा आणि मगच वैद्याने शलाकेने काढावं. रोममध्ये सेल्ससनेही पहिल्या शतकात घट्ट मळावर आधी थोडा सोडा घातलेला व्हिनेगर सांगितला. गूथ म्हणजे विष्ठा! आपण म्हणतो ‘मळ’. मला वाटतं, इथंच गोची झाली. मळ म्हटला की तो काढायलाच हवा. इंग्रजीत निदान त्याला मेण तरी म्हणतात. खरं तर ते कानाचं वंगण. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातच ते तयार होतं, धूळ अडवतं, पाणी आणि जंतूंपासून कातडी राखतं. त्या नळीची कातडी नखाच्या वेगाने बाहेर सरकत असते आणि मेणाला सोबत घेऊन येते. बोलताना, जेवताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. बहुतेकांच्या बाबतीत एवढं पुरतं.

या उलट्या बाजूने वाहतूक सुरू केली ती इअरबडने. अमेरिकेतले लिओ गेर्स्टेनझांग यांनी १९२३ मध्ये, बायकोला बाळासाठी टूथपिकला कापूस गुंडाळताना पाहिलं आणि तयार काड्या विकायला काढल्या, अशी कथा आहे. पहिलं नाव ‘बेबी गेज’, १९२६ मध्ये ‘क्यू-टिप्स बेबी गेज’, पुढे नुसतं ‘क्यू-टिप्स’. आज त्याच पाकिटावर ‘कानाच्या नळीत घालू नका’ असं छापलेलं असतं आणि लोक ते कानातच घालतात. असं दुसरं उत्पादन मला तरी माहीत नाही. काडीला लागून थोडं मेण बाहेर येतं म्हणून आपण खूश, उरलेलं पडद्याकडे ढकललं जाऊन ठासून बसतं. १९९० ते २०१० या काळात अमेरिकेत अशा काड्यांनी कानाला इजा झालेली सुमारे २ लाख ६३ हजार मुलं इमर्जन्सीत आली. इंग्लंडने २०२० मध्ये प्लास्टिकच्या इअरबडवर बंदी घातली खरी, पण ती माशांच्या काळजीने. कागदी काड्या दुकानात आहेतच.

इंग्लंडमधल्या वाचकांना आणखी एक अडचण ठाऊक असेल. पूर्वी जीपीच्या दवाखान्यात नर्स पाण्याची पिचकारी मारून कान मोकळा करून देई. आता अनेक ठिकाणी ही सोय नाही. मायक्रोसक्शनसाठी खासगीत पन्नास पौंडांच्या पुढे मोजा. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ते जड जातं, मग तो टीव्हीचा आवाज वाढवतो, फोनवर बोलणं टाळतो आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर मेणाचा त्रास जास्तच, कारण यंत्र त्याची बाहेरची वाट अडवतं. सरकारने ही बचत कुठल्या हिशेबाने केली, मला कळलेलं नाही.

तेव्हा आई-बाबा भारतातून आले आणि अचानक कमी ऐकू येतंय म्हणाले, तर श्रवणयंत्राच्या जाहिराती बघण्याआधी कान तपासून घ्या. मेणच असेल तर एनएचएसचा सल्ला सुश्रुताहून फार लांब नाही: ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलाचे दोन-तीन थेंब, दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. बदामाची ॲलर्जी असेल तर ते तेल नको. तेल कोमट चालेल, आजीच्या पळीतलं कढत नको, आणि त्यात लसूणही नको. कान वाहत असेल, फार दुखत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर काहीच न घालता डॉक्टरांकडे जा. कानात मेणबत्ती लावणाऱ्यांकडे तर फिरकूच नका. तिने मेण निघत नाही, भाजतं मात्र.

इथं साठ-सत्तरच्या दशकात आलेल्यांना विचारा. ऑलिव्ह तेल तेव्हा वाणसामानात नसे, केमिस्टकडे मिळे. छोट्या बाटलीत, कानात घालण्यासाठी.