रुमालाखालचा सौदा आणि कॉमर्सची डिग्री

धंद्याचं शिक्षण घेतलं की माणूस सगळ्यांचे नियम कमी पाळतो का? हा प्रश्न गाजला 1981 मध्ये. मारवेल आणि एम्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी लोकांना सामायिक गल्ल्यात पैसे टाकायला सांगितले. इतरांनी सरासरी 49 टक्के टाकले, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जेमतेम 20. आता शिकून माणूस हिशोबी होतो, की हिशोबी माणूसच तिकडे वळतो? वाद अजून चालू आहे.

लातूर-नांदेडचा इतिहास वाचताना मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. मुंबईत सिडनहॅम कॉलेज 1913 ला निघालं. निजामी मुलखातला आडत्या धंदा शिकला तो गादीवर, मुनीमाजवळ बसून. त्या काळी देशभरच्या मंड्यांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. दलालाला कळायचा, खरेदीदाराला कळायचा. माल ज्याचा, तो शेतकरी बाजूला उभा! आणि बोटांवर ठरलेला तो शब्द कागदाशिवाय पाळला जायचा. म्हणजे नियम होता, कडकही होता. फक्त तो दोघांचाच होता.

1928 च्या शेती कमिशनने ही पद्धत नोंदवली. हैदराबाद संस्थानात 1930 ला बाजार कायदा आला, पुढे महाराष्ट्राचा 1963 चा. बाजार समितीत उघड लिलाव आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले ते असे, कायद्याने.

तेव्हा नांदेडच्या कॉमर्सच्या पोरांवर गल्ल्याचा प्रयोग करायचा, तर गल्ल्याभोवती बसवायचं कुणाला? नुसत्या वर्गमित्रांना, की तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही?