मॉडेस्टो जाहीरनामा

मॉडेस्टो जाहीरनामा : ख्रिस्ती सुवार्तिकांच्या एका चमूने स्वतःच्या वागणुकीवर घालून घेतलेली बंधने. कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो येथे नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिकन बॅप्टिस्ट सुवार्तिक बिली ग्रॅहम (१९१८–२०१८) आणि क्लिफ बॅरोज, जॉर्ज बेव्हर्ली शे व ग्रेडी विल्सन या सहकाऱ्यांनी ती ठरवली. जाहीरनामा हे नाव मागाहून पडले. मुळात हा आपापसांतला तोंडी करार होता.

गावोगाव सभा घेणाऱ्या सुवार्तिकांची पत त्या काळी खालावलेली होती. सिंक्लेअर लुईस यांच्या एल्मर गँट्री (१९२७) या कादंबरीतला ढोंगी प्रचारक वाचकांच्या डोक्यात पक्का बसला होता. सुवार्तिक कशाकशाने घसरतात, ते तासभर खोलीत बसून लिहून काढा, असे ग्रॅहम यांनी सहकाऱ्यांना सांगितले. सर्वांच्या याद्या जवळपास सारख्या निघाल्या. त्यांतून ठरले ते असे : भावनेला हात घालून पैसे उकळायचे नाहीत, पत्नीखेरीज दुसऱ्या स्त्रीबरोबर एकट्याने प्रवास, भेट वा भोजन करायचे नाही, स्थानिक पाळकांना नावे ठेवायची नाहीत, गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत.

यांपैकी पैशाचे कलम खऱ्या अर्थाने मार्गी लागले, तेही वर्तमानपत्राच्या फटक्यानंतर. १९५० मध्ये अटलांटातील सभा संपल्यावर तेथील दैनिकाने अर्पणाच्या पैशांच्या थैल्या आणि निरोपाचा हात हलवणारे हसरे ग्रॅहम अशी छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. पुढे त्यांनी सभेतल्या खास अर्पणावर जगणे सोडले व आपल्या संस्थेकडून वर्षाला १५,००० डॉलर असा ठराविक पगार घेतला. मोठ्या शहरातल्या पाळकाला साधारण एवढेच मिळे. १९७९ मध्ये त्यांच्या संस्थेने इतरांसह इव्हँजेलिकल कौन्सिल फॉर फायनान्शियल अकाउंटेबिलिटी स्थापली; स्वतंत्र विश्वस्त आणि तपासलेले हिशेब या तिच्या सभासदांसाठी अटी आहेत. म्हणजे प्रामाणिकपणा तपासण्याचे काम दुसऱ्यांच्या हाती गेले.

स्त्रियांविषयीचे कलम मात्र ज्याचे त्याच्यावरच राहिले. त्याची झळ स्त्रियांनाही बसली : जिथे निर्णय होतात त्या बैठकीतून, जेवणातून त्या आपसूक वगळल्या जातात. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष माइक पेन्स हाच नियम पाळतात, हे २०१७ मध्ये चर्चेत आले, तेव्हा टीकेचा रोख यावरच होता. शिवाय नियम पाळतो असे म्हणणे आणि तो पाळणे यांत अंतर राहू शकते. मद्रासमध्ये जन्मलेले ख्यातनाम प्रवचनकार रवी झकरायस (१९४६–२०२०) यांनी २०१७ मध्ये आपण परस्त्रीबरोबर एकटे राहत नाही असे जाहीर केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच संस्थेने वकिलांकरवी चौकशी केली. फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात त्यांनी मालिश करणाऱ्या स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन नोंदले गेले. झकरायस यांच्यावर भलताच विश्वास टाकून देखरेख सैल ठेवल्याची कबुली विश्वस्त मंडळाने त्यानंतर दिली.