शब्दवेध : रेडलाइनिंग

‘रेडलाइनिंग’, म्हणजे एखादी वस्ती सरसकट जोखमीची ठरवून तेथील रहिवाशांना कर्ज नाकारणे, हा शब्द 1960च्या दशकात अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीत रूढ झाला. परंतु ज्या तांबड्या रंगाने त्याला अर्थ दिला, तो त्यापूर्वी दोन-तीन तपे सरकारी दप्तरात उमटलेला होता. 1933 साली स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगविले, तेव्हा उत्तम वस्त्यांना हिरवा, त्याखालोखाल निळा व पिवळा आणि जोखमीच्या म्हणून ठरविलेल्या वस्त्यांना तांबडा रंग मिळाला. कृष्णवर्णीयांचे मोहल्ले या शेवटच्या वर्गात जवळजवळ सरसकट ढकलले गेले. अशा वस्तीतील कर्जास जामीन राहण्याचे 1934 सालच्या संघीय गृहनिर्माण प्रशासनानेही सर्रास नाकारले.

युद्धोत्तर अमेरिका म्हणजे टुमदार घर, अंगणातील हिरवळ आणि दाराशी उभी मोटार, असे ज्यांना सुवर्णयुग वाटते, त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनचा 1947च्या सुमाराचा भाडेपट्टा अवश्य पाहावा : गौरवर्णीयांखेरीज अन्य कोणास घरात राहू देता कामा नये, असे कलम त्यात होते, आणि अपवाद होता तो केवळ घरगड्यांचा! 1968च्या कायद्याने हा भेद बेकायदा ठरविला खरा. पण जी मिळकत बापास घेऊच दिली नाही, ती मुलाच्या वारशात यावी कोठून?

गतकाळाचे गोडवे गाणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या सुबत्तेच्या दारावरच वर्ण पाहिला जात होता, तिला साऱ्या राष्ट्राचे वैभव म्हणणे हा निखालस सत्यापलाप होय.