सेकंदकाट्याची कुळकथा

घड्याळाच्या तबकडीवर फिरणाऱ्या तीन काट्यांपैकी सर्वांत चपळ, सर्वांत नाजूक आणि नित्याच्या व्यवहारात सर्वांत निरुपयोगी असा जो सेकंदकाटा, त्याचे कुळ शोधू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ती ही की, तासकाट्याला आणि मिनिटकाट्याला ज्या सर्वसामान्य लोकव्यवहाराने जन्म दिला, त्या व्यवहाराशी याचा फारसा संबंध कधी नव्हताच. ज्योतिषी, वैद्य आणि दर्यावर्दी या तीन पेशांनी आपापल्या निकडीपोटी त्याला घडवून घेतले, आणि त्यांची गरज सरल्यावर तो कोणाच्याही उपयोगी नसताना तबकडीवर कायमचा मुक्काम करून राहिला.

युरोपातील मनोऱ्यांवरची यांत्रिक घड्याळे पहिली काही शतके एकट्या तासकाट्यावर कारभार हाकीत होती. दिवसाकाठी पाव तासाची तफावत ज्या यंत्रात हमखास पडे, त्याला मिनिटकाटा लावणे म्हणजे रयतेची उघड फसवणूकच ठरली असती. सूक्ष्म कालाची कल्पना तेव्हा माणसाला नव्हती असे मात्र नाही. आपल्याकडे अहोरात्राच्या ६० घटका, घटकेची ६० पळे आणि पळाची ६० विपळे असा चोख हिशेब होता. म्हणजे विपळ हे आजच्या सेकंदाच्या दोन पंचमांश भरते. परंतु ज्या घटिकापात्रावर लग्नाचा मुहूर्त साधला जाई, ते पात्र घटका भरली एवढेच सांगू शके, आणि विपळ ज्योतिषाच्या गणितातच नांदे. गणित पुढे आणि यंत्र मागे, अशी ही स्थिती पूर्वेस आणि पश्चिमेस सारखीच होती.

ती मोडण्याचा पहिला प्रयत्न सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेधशाळांतून झाला. हेसेचा लँडग्राफ चौथा विल्हेल्म हा राजा असून ज्योतिषी होता. त्याच्यासाठी योस्ट ब्यूर्गी या स्विस कारागिराने १५७९च्या सुमारास सेकंद दाखविणारे घड्याळ रचले. डेन्मार्कच्या ह्वेन बेटावर टायको ब्राहे यानेही १५८१पर्यंत आपल्या वेधशाळेतील घड्याळांना सेकंदांची जोड दिली होती. पण १५८७ साली त्याचीच तक्रार नोंदलेली आहे की, आपली चार घड्याळे परस्परांशी चार-चार सेकंदांनी भांडतात. सेकंद दाखविणे आणि सेकंद मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या विक्षिप्त, मानी आणि विलक्षण काटेकोर ज्योतिष्याला जितके बोचले असेल तितके दुसऱ्या कोणास बोचले नसावे.

खरा पालट झाला तो लंबकामुळे. क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ साली लंबक घड्याळाशी जोडला आणि दिवसाची तफावत मिनिटांवरून सेकंदांवर आणली. पुढे दीड दशकाने लंडनमध्ये विल्यम क्लेमंटसारख्या घड्याळजींनी सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचा, बरोबर एका सेकंदास एक झोका घेणारा लंबक उंच लाकडी पेटीत टांगला. या घड्याळातील लंबकाशी जाबसाल करणाऱ्या चाकाला ३० दाते असत आणि प्रत्येक दाता दोन झोक्यांत पुढे सरके. म्हणजे ते चाक आपसूकच एका मिनिटात एक फेरा पुरा करी. त्याच्या आसाचे टोक तबकडीबाहेर काढून त्यावर एक काटा बसविला की सेकंदकाटा तयार! एकही जादा चाक नाही, एकही जादा दाता नाही. इतकी स्वस्त आणि इतकी देखणी सोय यंत्रविद्येच्या इतिहासात क्वचितच लाभली असेल.

त्या सोयीत एक खोट होती. प्रत्येक टोल्यागणिक हा काटा पुढे उडी घेऊन किंचित मागे सरके, कारण लंबकाचा नांगरासारखा अटकाव चाकाला उलट रेटा देई. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जॉर्ज ग्रॅहॅम याने त्या अटकावाचे पृष्ठ वर्तुळाकार घासून हा मागे सरकण्याचा दोष नाहीसा केला. सेकंदकाटा आता उडी मारी आणि जिथल्या तिथे निश्चल उभा राही. वेध घेणाऱ्या ज्योतिष्याला दुर्बिणीवरचा डोळा न काढता टिकटिक ऐकून सेकंद मोजता यावेत, यासाठी अशी स्वच्छ, निर्विवाद उडी अत्यावश्यक होती. ही उडी वाचकांनी स्मरणात ठेवावी. तिच्या नशिबी पुढे जे आले ते मोठे मासलेवाईक आहे.

वेधशाळेतला हा काटा खिशात आणला तो एका वैद्याने. इंग्लंडातील लिचफील्ड गावी सर जॉन फ्लॉयर नावाचा एक धन्वंतरी होता. (बाल्यावस्थेतील सॅम्युअल जॉन्सनला गंडमाळेवर राणी अ‍ॅनचा हस्तस्पर्श करविण्यासाठी लंडनला न्यावे, असा सल्ला देणारा तो हाच.) नाडीची परीक्षा तोवर युरोपातही आपल्या वैद्यांप्रमाणेच बोटांच्या जाणतेपणावर चाले: नाडी जड आहे की चंचल, सबळ की क्षीण, हे बोटाने ओळखायचे, मोजण्याचा प्रश्नच नव्हता. इटलीत सांतोरिओ याने सतराव्या शतकाच्या आरंभी दोरीची लांबी कमीजास्त करून लंबक नाडीशी जुळविण्याचे एक साधन केले होते, पण ते रुग्णाच्या उशाशी वागविणे गैरसोयीचेच. फ्लॉयरने प्रथम जहाजावरची वाळूची घटिका वापरून पाहिली, आणि मग सॅम्युअल वॉट्सन या घड्याळजीकडून सेकंदकाटा असलेले व तो वाटेल तेव्हा अडविता येईल असे खिशातले घड्याळ मुद्दाम करवून घेतले. १७०७ साली त्याने या नाडी-घड्याळावर ग्रंथच प्रसिद्ध केला. मानवी देहाचा एक धर्म संख्येने सांगण्याचा पायंडा या ग्रंथाने पाडला. आणि गंमत अशी की, पुढच्या खंडात याच गृहस्थाने नाडी केवळ बोटांनी पारखण्याच्या चिनी विद्येचाही कौतुकाने विचार केला. त्याचा काळ मात्र त्याच्याबरोबर चालला नाही. नाडी मोजण्याची वहिवाट वैद्यांत सर्रास रुळावयाला आणखी शतकाहून अधिक अवधी लागला.

तिसरा आश्रयदाता समुद्र, कारण तेथे जहाजाचे रेखांश अचूक वेळेवरून काढावयाचे असत. पृथ्वी २४ तासांत एक वळसा घेते, तेव्हा चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक. जॉन हॅरिसन याने १७५९ साली पुऱ्या केलेल्या आपल्या चौथ्या सागरी घड्याळात सेकंदकाटा तबकडीच्या केंद्रातूनच फिरविला, आणि ते सेकंदाला पाच ठोके देई. १७६१च्या अखेरीस निघालेल्या जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांनंतर त्याची तफावत अवघी पाच सेकंद भरली. तरीही रेखांश काढण्याच्या उपायासाठी जाहीर झालेल्या इनामाची पुरी रक्कम हॅरिसनला देण्यास सरकारी मंडळाने जी टाळाटाळ केली, तिचा तपशील येथे नको. दप्तरी खाक्या सर्व मुलखांत एकच असतो.

आता मनगटी घड्याळाकडे यावे. त्याचे पाठीमागचे झाकण उघडले तर मधले चाक तासाला एक फेरा घेते, त्याच्या पुढचे तिसरे चाक गती वाढविते, आणि चौथे चाक मिनिटाला एक फेरा घेते. साठपट गती दोन टप्प्यांत, बहुधा आठपट आणि मग साडेसातपट, अशी साधलेली असते. या चौथ्या चाकाचा आस खाली सहाच्या अंकापाशी पडतो. म्हणून जुन्या घड्याळांत सहाच्या जागी एक चिमुकली पोटतबकडी कोरलेली असे आणि वाड्यातील पोटमाळ्यावरच्या भाडेकरूप्रमाणे सेकंदकाटा तेथे आपला स्वतंत्र संसार थाटून राही. ही जागा कोणा चित्रकाराने सौंदर्यदृष्टीने ठरविली नाही. चाकांच्या मांडणीने ती ठरवून दिली. पण जी रचना आतल्या यंत्राचे सत्य तबकडीवर जसेच्या तसे उमटविते, तिच्यात एक निराळीच प्रामाणिक शोभा असते, आणि माझे मत विचाराल तर सेकंदकाट्याचे योग्य स्थान तेच होय. बारा आणि तीनमधला समतोल मोडीत नाही, मोठ्या काट्यांच्या वाटेत येत नाही, आणि पाहू म्हटले तरच दिसतो.

युद्धांनी आणि विमानांनी मात्र त्याला केंद्रात ओढले. वैमानिकाला किंवा परिचारिकेला क्षणार्धात वाचता यावा म्हणून काटा लांब हवा, आणि लांब काटा हवा तर तो मध्यभागीच बसविला पाहिजे. परंतु चौथे चाक तर बाजूला! मग तिसऱ्या चाकाचा आस वर वाढवून, त्यावर एक जादा चाक चढवून, त्याकरवी मध्यावरच्या इवल्या दंतचक्राला फिरविण्याची तजवीज झाली. त्या दंतचक्रावर कसलाच भार नसल्यामुळे दात्यांमधल्या फटीत काटा थरथरे. ती थरथर दाबण्यासाठी पुन्हा एक केसाएवढी कमान तैनात करावी लागे. मागाहून चौथे चाकच केंद्रात आणणाऱ्या रचना रूढ झाल्या आणि हा द्राविडी प्राणायाम थांबला.

याच सुमारास एक नवी अडचण उभी राहिली. बिनतारी संदेशाने अचूक वेळ मिळू लागली, पण चालता सेकंदकाटा त्या इशाऱ्याशी जुळवावा कसा? अमेरिकी नौदलातील अधिकारी वीम्स याने १९२०च्या दशकाच्या अखेरीस यावर जो तोडगा काढला तो मला अद्यापि अतिशय रसिकतेचा वाटतो: काट्याला हातच लावावयाचा नाही, त्याच्याखालची सेकंदांची चकती फिरवून ती काट्याशी जुळवावयाची. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने सरळ मार्ग पत्करला. किल्लीची गुंडी बाहेर ओढताच काटा थबकावा असा अटकाव अमेरिकी विमानदळाच्या घड्याळांत घातला गेला, आणि हुकूम सुटताच तुकडीतील सर्वांची घड्याळे एकाच सेकंदाला चालू होऊ लागली.

काट्याच्या घडणीची कला याहून कमी लक्षवेधी नाही. तो लांब आणि एकाच बाजूस जड राहिला तर घड्याळ उभे धरताच त्याचा तोल आसाला बाधतो, म्हणून केंद्रापलीकडे त्याला शेपूट द्यावे लागते. शेपटाचे चक्र, चंद्रकोर, थेंब असे जे नाना आकार आपण नक्षी समजतो, ते मुळात समतोलाचे वजन होय. उत्तम काटे पोलादाचे असत व त्यांना सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापवून गडद निळी झिलई आणली जाई. काही अंशांची कसूर झाली की रंग जांभळा तरी राही किंवा फिकट तरी पडे, आणि काटा पहिल्यापासून घासावा लागे. चोखंदळ घड्याळजी काट्याचे टोक तबकडीच्या कडेकडे अलगद वाकवीत, कारण टोक आणि रेषा यांत अंतर राहिले तर बाजूने पाहणाऱ्यास भलताच सेकंद दिसतो.

आपल्याकडच्या एका पिढीने केंद्रस्थ सेकंदकाटा पाहिला तो एच.एम.टी.च्या रूपाने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला निघालेल्या या सरकारी कारखान्याचे ‘जनता’ हे किल्लीचे घड्याळ लग्नात, बक्षीस समारंभात आणि सेवानिवृत्तीच्या निरोपात असंख्य मराठी मनगटांवर चढले. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. आणि म्हणून त्याचे दोन ठोके भरले की आपल्या पंचांगकर्त्यांचे बरोबर एक विपळ होते. सेकंदाला पाच चिमुकल्या पावलांनी जाणारा हा काटा डोळ्यांना सरपटल्यासारखा भासतो, पण तो खरोखर सरपटत नाही. भिंग लावून पाहणाऱ्यास त्याची पावले सुटी दिसतात.

आणि येथे त्या मघाच्या उडीची कथा पुरी होते. खिशातल्या व मनगटावरच्या घड्याळांत ग्रॅहॅमच्या काट्यासारखी सेकंदास एकच स्वच्छ उडी आणावी, यासाठी घड्याळजींनी दोन शतके बुद्धी खर्चली. जिनीव्हाच्या पूझे याने १७७६ साली तेवढ्यासाठी घड्याळात चाकांची दुसरी स्वतंत्र मालिका बसविली, आणि १९५०च्या दशकात रोलेक्सनेही असा काटा मोठ्या अभिमानाने विकावयास काढला. मग २५ डिसेंबर १९६९ रोजी तोकियोत सायकोचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आले. विजेची बचत व्हावी म्हणून अशा घड्याळातली मोटार सेकंदाला एकदाच काटा हलविते. म्हणजे जी उडी महागड्या कारागिरीची सनद होती, ती थोड्याच वर्षांत फुटपाथवरच्या स्वस्त घड्याळात फुकट मिळू लागली. ज्या अनेक पावलांच्या चालीला पूर्वी अचूकतेतील उणीव मानीत, तीच आता अस्सल यांत्रिक घड्याळाची खूण म्हणून मिरवू लागली. यंत्रात फरक पडला नाही, शेजारी बदलला.

मला यात रुचीचा विजय दिसत नाही, केवळ दुर्मिळतेची पूजा दिसते. डोलणाऱ्या चाकाचे ठोके वाढवून काटा अधिकाधिक मऊ चालविण्याची जी चुरस आहे, तिच्यातून वाचकाला सेकंद अधिक नीट वाचता येतो असे मुळीच नाही. नाडी मोजावयाची तर फ्लॉयरला हवा होता तसा काटा हवा: स्पष्ट, बारीक आणि आपल्या रेषांशी इमान राखणारा. तेव्हा जुने किंवा नवे यांत्रिक घड्याळ पसंत करताना वाचकांनी दुकानदाराच्या वर्णनाकडे कान देण्यापूर्वी एवढेच पाहावे की, सेकंदकाट्याचे टोक सेकंदांच्या रेषांना पोचते की नाही. अलीकडे दुसऱ्या मापाच्या तबकडीचे काटे सर्रास बसविले जातात आणि ते आखूड पडतात; टोक आखूड पडले असेल तर किंमत कितीही असो, घड्याळ परत द्यावे.