तिरुवल्लिकेणींतील एक हस्तलिखित

विद्वत्तेच्या इतिहासांत शोधाला मान मोठा मिळतो. पण तो शोध कागदावर नीट उतरवून दुसऱ्याच्या हातीं देण्याचा जो खटाटोप करावा लागतो, त्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. शोध एकट्याच्या डोक्यांत लागतो. लेख मात्र लिहिणारा, तपासणारा आणि वाचणारा अशा तिघांच्या मेळानें सिद्ध होतो. या मेळाचें एक बोधप्रद उदाहरण मद्रासच्या तिरुवल्लिकेणी पेठेंत घडलें. पार्थसारथीच्या देवळाभोवतीं वसलेल्या आणि इंग्रजांच्या जिभेवर 'ट्रिप्लिकेन' झालेल्या या पेठेंत १९११ च्या सुमारास श्रीनिवास रामानुजन यांचें बिऱ्हाड होतें. त्यांचा पहिला छापील निबंध त्या वर्षींचा. आमच्यासारख्या, बदलीच्या गांवीं कचेरीचें काम सांभाळून थोडेंबहुत वाचनलेखन करणाऱ्यांना ही हकीगत विशेष जवळची वाटावी. कारण तींतील बहुतेक पात्रें सरकारी चाकरींतलीं आहेत.

आरंभ करावयाचा तो व्ही. रामस्वामी अय्यर यांच्यापासून. हे गृहस्थ मद्रास इलाख्यांत डेप्युटी कलेक्टर होते. जिल्ह्याच्या गांवीं राहून गणिताचा अभ्यास करूं पाहणाऱ्याला परदेशीं निघणारीं मासिकें आणि ग्रंथ मिळत नाहींत, एकट्याच्या पगारांत तीं परवडतही नाहींत, ही अडचण त्यांनीं स्वतः भोगली होती. १९०६ च्या नाताळांत त्यांनीं ठिकठिकाणच्या गणितप्रेमींना पत्रें धाडलीं आणि १९०७ च्या एप्रिलांत एक मंडळ उभें केलें. तेंच पुढें 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' या नांवानें प्रसिद्धीस आलें. या मद्रासी खटाटोपाला पुण्याचा हातभार प्रथमपासून होता. संस्थेचें ग्रंथालय रँग्लर परांजपे यांच्या फर्ग्युसन कॉलेजांत ठेवलेलें होतें आणि संस्थेचे दुसरे अध्यक्ष आर. एन. आपटे हे होते. १९०९ पासून संस्थेनें आपलें नियतकालिक काढलें. त्याचे संपादक बंगलोरचे प्राध्यापक एम. टी. नारायण अय्यंगार होते.

१९१० सालीं रामानुजन तिरुकोइलूर येथें याच रामस्वामी अय्यरांच्या भेटीस गेले. एफ. ए. ची परीक्षा नापास, लग्न झालेलें, हातांत गणिताच्या वह्या, आणि मागणी एवढीच कीं, एखाद्या कचेरींत कारकुनाची जागा मिळावी. वह्या चाळून अय्यरांनीं जागा देण्याचें नाकारलें. महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर बसवून ही बुद्धि गुदमरून टाकावी, हें त्यांच्या मनाला पटेना. त्यांनीं मद्रासच्या स्नेह्यांना शिफारसपत्रें दिलीं. त्यांतूनच नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्रराव यांची गांठ पडली आणि त्यांनीं पदरचे दरमहा २५ रुपये देऊं केले. अर्ज नामंजूर करणें हाहि अधिकाऱ्याच्या हातून घडणारा उपकार असूं शकतो, याचा असा दाखला क्वचित् सांपडेल.

आतां हस्तलिखिताकडे वळूं. याकोब बर्नूली या स्विस गणितज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कांहीं संख्या आहेत. एकापासून पुढील अंकांच्या वर्गांची, घनांची व त्याहून वरच्या घातांची बेरीज करूं गेलें, कीं त्या आपोआप पुढें येतात. या संख्यांच्या गुणधर्मांवर रामानुजनांनीं निबंध लिहिला आणि तो संस्थेच्या नियतकालिकाकडे पाठविला. नारायण अय्यंगारांपुढें मोठा पेंच पडला. मजकूर अपूर्व होता, यांत संशय नव्हता. पण मांडणी इतकी आंखूड आणि रीत इतकी नवी, कीं सामान्य वाचकाला पाऊल टाकण्यास जागाच नव्हती. हस्तलिखित लेखकाकडे परत गेलें, दुरुस्त होऊन आलें, पुन्हा गेलें. अखेर १९११ च्या खंडांत तें छापून निघालें.

हा आंखूडपणा हट्टाचा नव्हता. त्याचीं कारणें त्यांच्या शिक्षणांत आणि दारिद्र्यांत होतीं. शाळकरी वयांत त्यांच्या हातीं कार नांवाच्या इंग्रज शिक्षकानें परीक्षार्थींसाठीं रचलेला एक संग्रह पडला होता. त्यांत सुमारें पांच हजार निष्कर्ष ओळीनें मांडलेले, आणि सिद्धता असलीच तर नांवापुरती. गणित असेंच लिहितात, हा संस्कार तेव्हांच झाला. शिवाय कागद महाग. आंकडेमोड दगडी पाटीवर व्हावयाची, कोपरानें पुसली जावयाची आणि शेवटची ओळ तेवढी वहींत उतरावयाची. उत्तर राहिलें, वाट पुसली गेली.

ती वाट पुन्हा आंखण्याचें शिक्षण त्यांना तिरुवल्लिकेणींतच मिळालें. १९१२ च्या फेब्रुवारींत तेथील 'समर हाउस' च्या पत्त्यावरून त्यांनीं पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला आणि मार्चपासून ३० रुपयांवर हिशेबखात्यांत कारकून लागले. तेथील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार आणि संस्थेचे खजिनदार होते. पायक्रॉफ्ट रस्त्यावरील—आजच्या भारती सालैवरील—त्यांच्या घरीं हे दोघे रात्रीं पाट्या घेऊन बसत. रामानुजन दहा पायऱ्या दोहोंत उरकीत. अय्यर त्यांना थांबवीत आणि म्हणत, कीं मला समजेल इतकें खालीं उतरा. मलाच कळलें नाहीं तर इतरांना काय कळणार? वरिष्ठानें हाताखालच्या कारकुनाला 'मला समजलें नाहीं' असें मोकळेपणानें सांगावें, यांतच त्या शिक्षणाचें मर्म आहे.

संपादकाचा कटकटेपणा सार्थ होता, हें त्या निबंधावरूनच सिद्ध होतें. त्यांत आठ प्रमेयें होतीं. तिहींच्या सिद्धतेची दिशा दाखविलेली, दोन इतरांवरून निघणारीं आणि तीन निव्वळ अनुमानें. एके ठिकाणीं असें विधान आहे कीं, बर्नूली संख्येला तिच्या क्रमांकानें भागून संक्षेप दिला असतां जो अंश उरतो, तो मूळ संख्या असतो. बाराव्या संख्येला ६९१ येतात, सोळावीला ३६१७, अठरावीला ४३८६७. सर्व मूळ संख्या. विसावीला मात्र १७४६११ येतात, आणि ते २८३ व ६१७ यांचा गुणाकार होत. पांचसहा पावलें खरी ठरलेली वाट सातव्या पावलाला दगा देते. सिद्धतेचा आग्रह विद्वान् धरतात तो याचसाठीं. ती मागणें म्हणजे लेखकावरचा अविश्वास दाखविणें नव्हे.

१९१२ सालीं हाच निबंध लंडनचे प्राध्यापक हिल यांच्याकडे गेला, तेव्हां त्यांनींहि दोष दाखवून तेंच बजावलें: लेख स्वच्छ लिहावा, चुका नसाव्यात, न समजाविलेलीं चिन्हें वापरूं नयेत. १९१३ च्या जानेवारींत रामानुजनांनीं केंब्रिजच्या हार्डींना पत्र धाडलें, आणि त्यांनीं तर उलटटपालीं सिद्धताच मागितल्या. इंग्लंडांत गेल्यावर १९१५ सालीं लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीनें त्यांचा अतिसंयुक्त संख्यांवरील दीर्घ निबंध छापला. ज्या संख्येला तिच्याहून लहान कोणत्याहि संख्येपेक्षां अधिक विभाजक असतात, ती अतिसंयुक्त. पण तेथेंहि हस्तलिखित सबंध छापलें गेलें नाहीं. संस्था तेव्हां पैशाच्या ओढगस्तींत होती, म्हणून खर्च वांचावा यासाठीं लेखकानें कांहीं भाग गाळला. तो गाळलेला भाग १९९७ सालीं प्रसिद्ध झाला, म्हणजे ८२ वर्षांनीं. लेखक १९२० सालींच निवर्तला होता. पण पानें कोणीं तरी जपलीं, म्हणून तीं छापतां आलीं.

या सर्व हकीगतींत रामानुजनांची प्रतिभा ही दैवी देणगी होती, असें म्हणून आपण मोकळे होऊं शकतों. परंतु डेप्युटी कलेक्टर, कलेक्टर, हिशेबनीस आणि बंगलोरचा प्राध्यापक यांनीं आपापल्या नोकरींतून उरलेला वेळ दिला नसता, तर ती प्रतिभा वह्यांत बंद राहिली असती. या मंडळींना कोणी हुकूम दिलेला नव्हता आणि त्यांच्या गोपनीय अहवालांत याची नोंदहि कोठें झाली नसेल. मोठा शोध लावणें आपल्यापैकीं थोड्यांच्याच नशिबीं असतें. मासिकाची वर्गणी वेळेवर भरणें, तरुणाचें हस्तलिखित शेवटपर्यंत वाचणें, न समजलेल्या ओळीखालीं खूण करून तें सौजन्यानें परत करणें, एवढें मात्र कोणत्याहि मुलखांत, कोणत्याहि हुद्द्यावर करतां येतें.

पुण्याचें तें ग्रंथालय पुढें मद्रासला रामानुजनांच्या नांवानें निघालेल्या संस्थेकडे आलें. विद्यापीठाची ती संस्था आज चेपॉकला, तिरुवल्लिकेणीच्या अगदीं शेजारीं आहे. मद्रासेंत बदली होऊन येणाऱ्या आमच्या वाचकांनीं पार्थसारथीचें दर्शन घेतल्यावर तिकडेहि एक फेरी मारावी, अशी आमची विनंती आहे.